काळोखानंतरची सहा मिनिटे

संक्रांतीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मस्कतच्या बौशर भागातील एका मॉलच्या चित्रपटगृहात दिवे लावण्यात आले. प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना पहिले पत्र पाठवले. रमजानची ईद आटोपल्यावर दुसरे, उन्हाळी सुटीनंतर शाळा उघडल्या त्या आठवड्यात तिसरे आणि अनंतचतुर्दशीला चौथे. चारही पत्रांच्या पोचपावत्या माझ्या संग्रही आहेत. उत्तर एकाचेही नाही.

जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे. एक, शुक्रवार रसिक मंच या आमच्या चित्रपटप्रेमी मराठी मंडळींच्या संस्थेचे अध्यक्ष श्री. निमकर, करारावर सही त्यांची आहे. दोन, चिटणीस सौ. गोगटे, दिवे लावण्याची खूण त्यांनी केली. तीन, भोजनप्रमुख श्री. साळवी, पुलाव निवत चालल्याचा निरोप त्यांनी आत धाडला. चौथ्या इसमाचे नाव मी जाणूनबुजून मागे ठेवले आहे. त्याचा अपराध कळायचा तर आधी बाकीची हकीकत कळली पाहिजे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. परदेशी सिनेमावाल्यांबरोबर तुम्ही इतकी वर्षे काढलीत, काहीतरी हलकेफुलके लिहा, असे ते म्हणाले. हलकेफुलके मला लिहिता येत नाही. मी अर्ज लिहीत आलो. हाही एक अर्जच समजावा.

पुण्याला कायद्याची पदवी घेतली, पण काळा कोट अंगावर चढला नाही. मस्कतला आलो आणि अल् खुवैरमधील एका ओमानी मालकाच्या कचेरीत वीसहून अधिक वर्षे एकाच टेबलाशी बसलो. आमचे काम असे: बाहेरदेशीची मंडळी येथे चित्रीकरणाला येतात, त्यांना कथेचा अरबी सारांश सादर करावा लागतो, प्रत्येक जागेची, प्रत्येक दिवसाची परवानगी घ्यावी लागते, आणि विमानतळावर उतरवलेल्या प्रत्येक यंत्राचा क्रमांक कागदावर लिहून, परत जाताना तोच क्रमांक दाखवावा लागतो. मंत्रालयाच्या खिडकीशी उभे राहायचे ते आमच्या सालिमने, कारण तो मान ओमानी नागरिकाचा. खिडकीत जाणारा कागद बनवायचा तो मी. सालिम पन्नाशीचा, थट्टेखोर, उत्तम हिंदी बोलणारा. तो म्हणे, "अनंत भाई, तुम्हारा काग़ज़ देखके अफसर लोग डरता है, इसमें ग़लती ढूँढने को जगह ही नहीं." ही माझ्या नोकरीतली मोठ्यातली मोठी शाबासकी. मी ती अजून जपून ठेवली आहे.

जाहिरातवाले आले, मोटारींची चित्रे काढणारे आले, वाळवंटात लग्न लावणारे आले. बहुतेकांना घाई असे आणि बहुतेकांची नावे आज आठवत नाहीत. डोराबाई आल्या आणि माझी कामाची समजूतच उलटीपालटी झाली. त्यांचे आडनाव मी लिहीत नाही. तशी लेखी संमती मजकडे नाही.

बाई अमेरिकेतल्या, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर, उंच आणि किंचित वाकलेल्या. बरोबर फक्त चार माणसे. मोठ्या कंपनीचा आधार न घेता स्वतःच्या हिमतीवर सिनेमे करणारे जे थोडे लोक त्या देशात आहेत, त्यांच्यापैकी त्या एक. चाळीसएक वर्षांत सात चित्रपट. पहिला चित्रपट त्यांनी आपल्या गावातली कागदाची गिरणी बंद पडत असताना रविवारी रविवारी केला. इतर दिवशी त्या शाळेची बस चालवत. दुसऱ्या चित्रपटानंतर एका बड्या कंपनीने त्यांना बोलावून करार पुढे ठेवला. त्या कराराची छायाप्रत बाई अजून सामानात बाळगतात. मी कायद्याचा माणूस आहे हे कळल्यावर अझैब्यातल्या आमच्या गोदामात चहा पिता पिता त्यांनी ती मला दाखवली. बावीस पानांचा तो करार होता आणि त्यातले एकच कलम खोडले होते. चित्रपट कोठे कापायचा आणि कोठे जोडायचा हे अखेरीस कंपनी ठरवील, असे ते कलम. त्यावर पेनाची एक सरळ रेघ आणि शेजारी बाईंची छोटी सही. कंपनीने करार मागे घेतला. बाई पुन्हा बस चालवू लागल्या आणि तिसरा चित्रपट सहा वर्षांनी झाला.

मी आयुष्यभर कलमे जोडत आलो. एक कलम खोडून स्वतःचे सबंध आयुष्य एका बाजूला उभे करणारी व्यक्ती मी प्रथमच पाहत होतो. ती रेघ मी बराच वेळ बघत बसलो. बाईंना वाटले मला इंग्रजी लागत नाही.

त्यांचे चित्रपट घरी बसून पाहता येत नाहीत. फोनवर नाहीत, इंटरनेटवर नाहीत. माणसांनी एका जागी, अंधारात, एकत्र बसून पाहावेत, एवढाच त्यांचा आग्रह आणि तो त्यांनी कधी सोडलेला नाही. शिवाय त्या अजून खऱ्या फिल्मच्या रिळावर चित्रीकरण करतात. आमची पहिली अडचण तेथेच उभी राहिली.

विमानतळाच्या मालविभागात एका तरुण अधिकाऱ्याने कोऱ्या फिल्मचे गोल डबे पाहिले आणि उघडा म्हणून सांगितले. कोरी फिल्म उजेडात उघडली की वाया जाते. मी तीन पानी निवेदन तयार ठेवले होते. त्याने पहिले पान वाचून बाजूला सारले. नियमाप्रमाणे त्याचेच बरोबर होते. बंद डब्यात काय आहे हे न पाहता शिक्का मारायला मीही तयार झालो नसतो. सालिम हसत त्याच्या गावाची चौकशी करू लागला, पण तो बधला नाही.

बाईंनी तेव्हा पिशवीतून दोन बाह्यांचे एक काळे कापड काढले. सदऱ्यासारखे दिसणारे, पण गळा नसलेले. डबा आत घातला, चेन लावली आणि बाह्या त्या अधिकाऱ्यापुढे धरल्या. माझ्याकरवी त्याला सांगितले की डोळ्यांनी पाहता येणार नाही, पण हातांनी पाहा. त्याने घड्याळ काढून ठेवले आणि कोपरापर्यंत हात आत घातले. त्याने डोळे मिटून घेतले होते. आत डबा उघडल्याचा बारीकसा आवाज झाला. सगळा विभाग आमच्याकडे बघत होता. थोड्या वेळाने त्याने विचारले की यावर काही आहे का. बाई म्हणाल्या, अजून काही नाही. त्याने डबा आतच बंद करून हात बाहेर काढले, शिक्का मारला आणि सालिमच्या कानात काहीतरी सांगितले. सालिमने बाहेर आल्यावर ते आम्हांला सांगितले: कोऱ्या वस्तूला इतके जपताना मी कोणाला पाहिले नव्हते.

त्याच्या बोटांचे ठसे लागल्यामुळे ते रीळ बाद झाले, असे मी गृहीत धरले. बाईंनी त्या डब्यावर पांढरी चिकटपट्टी लावून तो वेगळा ठेवला.

चित्रपटाची गोष्ट साधी होती. एक अमेरिकन मुलगी वडिलांच्या मृत्यूनंतर ओमानला येते, आणि तेलाच्या शोधात फिरणारे वडील तरुणपणी ज्या घरात राहिले ते डोंगरातल्या गावातले घर शोधून काढते. घर आम्हांला मिळाले, पण त्याला दार नव्हते. दार करण्याचे काम आमच्या गोदामातल्या रमाकांत मेस्त्रींकडे आले.

मेस्त्री कुडाळकडचे. सुताराच्या घरात जन्मलेले, कमी बोलणारे. मस्कतमध्ये त्यांनी असंख्य ऑफिसांची कपाटे केली, पण कपाटावर कोणी नाव लिहीत नाही. नक्षीचे ओमानी दार करण्यापूर्वी ते सालिमबरोबर दोन शुक्रवार जुन्या गावांतली दारे चाचपत हिंडले. मग सागवानाचे दार केले, चहाच्या पाण्याने आणि काजळीने त्याला वय आणले. बाईंनी एकच प्रश्न विचारला: हे दार माणसाने हात न लावता, आपले आपण, सावकाश मिटेल काय? मेस्त्रींनी मान डोलावली आणि तीन दिवस बिजागऱ्यांशी झगडले. शेवटी दार असे बसले की बाहेरून हलका वारा आला तरच ते मिटू लागे, आणि मध्येच थांबत नसे.

त्या गावाची परवानगी तीन दिवसांची होती. पहिल्या दिवशी बाई कॅमेऱ्यामागे बसल्या आणि त्यांनी काहीच चित्रित केले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांना विशिष्ट उजेड आणि विशिष्ट वारा एकाच वेळी हवा होता. मी दर तासाला घड्याळ पाहत होतो, मुदतवाढीचा मसुदा मनात करत होतो. मेस्त्री माझ्याशेजारी दगडावर बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हळूच विचारले, "साहेब, बाई दार बघता की वारो बघता?" मी सांगितले की मलाही ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना डोंगरावरून वारा आला. बाईंनी बोट वर केले. दार मिटू लागले. आतल्या जमिनीवरचा उन्हाचा पट्टा अरुंद होत गेला, मुलीच्या पायांवरून सरकला आणि संपला. चार मिनिटे लागली असतील. मी देवभोळा नाही, परंतु त्या चार मिनिटांत मला परवानगीच्या कागदाचा विसर पडला, आणि असे नोकरीत दुसऱ्यांदा कधी घडले नाही. बाईंनी दुसऱ्यांदा ते घेतले नाही. "खलास," असे सालिम म्हणाला, तेही कुजबुजत.

आता मुख्य गोष्ट. डोराबाईंच्या चित्रपटांच्या शेवटी नावांच्या पाट्या नसतात. काम संपले की अखेरच्या दिवशी त्या प्रत्येक माणसाला, मग तो नट असो की चहा देणारा, कॅमेऱ्यासमोर उभे करतात. त्याने आपल्या भाषेत आपले नाव आणि काम सांगायचे. एकदाच. हेच चेहरे चित्रपटाच्या शेवटी येतात. त्यांच्या मते ते चित्रपटानंतरचे काही नसते. चित्रपटाचाच तो शेवट असतो. अझैब्याच्या गोदामाच्या अंगणात आम्ही सगळे रांगेने उभे राहिलो. त्या दिवशी बाईंनी पांढऱ्या चिकटपट्टीचा डबा काढला. मी म्हणालो की त्यावर ठसे आहेत. त्या म्हणाल्या, "तो अधिकारी आज येऊ शकत नाही. त्याची बोटे तरी येऊ देत."

मेस्त्री पुढे यायला तयार नव्हते. अंगावर भुशाने माखलेला सदरा होता. मी घडी केलेला माझा कोट देऊ केला, तर बाईंनी मान हलवून नको म्हटले. मग ते तसेच उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "रमाकांत सोनू मेस्त्री. ह्यां दार मियां केलंय." एवढे बोलून ते हसले. त्यांना हसताना मी फारसे पाहिले नव्हते. माझी पाळी आली तेव्हा मी टाय सरळ केला आणि म्हणालो की मी अनंत परचुरे, मी काही केले नाही, फक्त कागद केले. बाई पुन्हा घेत नाहीत, त्यामुळे ते वाक्य तसेच राहिले आहे.

पुढे मी निवृत्त झालो. मेस्त्री एका लाकूडकामाच्या कारखान्याचे फोरमन झाले आणि बायको-मुलीला येथे घेऊन आले. मुलगी तन्वी, आठवीत, इंडियन स्कूलमध्ये. मैत्रिणींशी इंग्रजीत बोलते, बापाशी तुटक मराठीत. बाप सकाळी सातला जातो आणि भुसा घेऊन परत येतो, एवढेच तिला माहीत. मेस्त्री तिला अनेकदा सांगत की मी एका अमेरिकन सिनेमात आहे. ती विचारी, मग दाखव. दाखवता येत नव्हते. तिने वर्गात सांगितले तेव्हा मुली हसल्या, आणि त्यानंतर तिने तो विषय काढणे सोडले.

म्हणून मी बाईंना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर हाताने लिहिलेले आले: रसिक मंचासाठी एक खेळ, विनामूल्य. चित्रपट कुलूपबंद फाइलमध्ये येतो आणि त्याची किल्ली, म्हणजे ती उघडणारा संगणकी संकेत, ठरलेल्या तासांपुरतीच चालते. आमची किल्ली सकाळी नऊ ते दुपारी बारा. करार मी स्वतः बनवला, अभिमानाने. कलम तीन: चित्रपट पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत, अखंड, अंधारात दाखवला जाईल. कलम पाच: पुन्हा खेळ हवा असल्यास सही करणाऱ्या संस्थेनेच, कारण देऊन, लेखी मागणी करावी. हे पाचवे कलम बाईंनी मागितले नव्हते. कराराला घट्टपणा यावा म्हणून मीच ते घातले.

त्या शुक्रवारी थिएटर भरले होते. मेस्त्री नव्या सदऱ्यात, पत्नी आणि तन्वीसह चौथ्या रांगेत. चित्रपट शांतपणे पाहिला गेला, हे मी मान्य करतो. शेवटी दार मिटले. त्यानंतर बाईंनी अर्धा मिनिट पडदा पूर्ण काळा ठेवला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साळवींचा पुलावाचा निरोप आला. सौ. गोगट्यांनी वर खूण केली, दिवे लागले, ऑपरेटरने यंत्र थांबवले आणि आभारप्रदर्शन सुरू झाले. काळोखानंतरची सहा मिनिटे कोणी पाहिलीच नाहीत.

मी उभा राहिलो होतो. ओरडण्यासाठीच. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून माझे नाव पुकारले गेले: या चित्रपटासाठी झटलेले आपले परचुरेसाहेब. शाल आणि नारळ. सर्वजण माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागले, आणि मी पुढे गेलो. शाल अंगावर घेतली. छायाचित्रे काढून घेतली, तीन. पुढून पाहिले तर सारे प्रेक्षक दाराकडे निघाले होते, फक्त मेस्त्री बसून होते, पांढऱ्या पडद्याकडे पाहत. तन्वीने विचारलेले मला स्पष्ट ऐकू आले: "बाबा, तुझा पार्ट झाला का?" ते म्हणाले, "येतलां आता."

मग ते माझ्यापाशी आले. "साहेब, माझां येवचां होतां मा अजून?"

तेव्हा साडेअकरा वाजले होते. किल्लीला अर्धा तास शिल्लक होता. ऑपरेटर वरच होता. सहा मिनिटांचेच काम होते. हे सर्व त्या सभागृहात एकच माणूस जाणत होता. आणि नारळ हातात असलेला तो माणूस म्हणाला, "दाखवतील हो, जेवणं होऊ देत." मी पुलाव घेतला. दोघांनी माझे अभिनंदन केले, एकाने परवान्यांविषयी विचारले, मी सविस्तर सांगितले. वर गेलो तेव्हा बारा वाजून गेले होते. ऑपरेटर भला माणूस. त्याने बटण दाबून दाखवले. काही उघडले नाही.

चौथा इसम मी आहे.

श्री. निमकरांचे म्हणणे मंचाच्या व्हॉट्सअॅप गटावर आहे, त्याची प्रत मी काढून ठेवली आहे. ते लिहितात, "अहो परचुरे, शेवटच्या पाट्या कोण बघतं? घरीसुद्धा आपण तिथे टीव्ही बंद करतो. सिनेमा तर पूर्ण दाखवला ना." सिनेमा पूर्ण दाखवला नाही. चूक झाली असे संस्थेने लेखी द्यायचे नसते, हेही त्यांनी मला भेटीत सांगितले. बाईंना मी सर्व कळवले. त्यांनी लिहिले की मंचाचे पत्र आले त्याच दिवशी त्या किल्ली पाठवतील. परचुऱ्यांच्या पत्रावर मात्र नाही, कारण कलम पाच परचुऱ्यांनीच लिहिले आहे. पुढे एक ओळ होती: उजेडासाठी मी दोन दिवस थांबले, पत्रासाठीही थांबेन.

त्या थांबतील. मेस्त्री थांबू शकत नाहीत. तन्वीची वार्षिक परीक्षा झाली की मार्चअखेर ते कुटुंबासह कायमचे कुडाळला परतत आहेत. तेथे असे थिएटर नाही आणि असा मंचही नाही. मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो. तन्वीने पाणी आणून दिले आणि नम्रपणे विचारले, "अंकल, बाबा खरंच होते ना त्यात?" मी हो म्हणालो. तिने मान डोलावली, जशी आपण म्हाताऱ्या माणसाचे मन राखायला डोलावतो.

अध्यक्षमहाशय, माझ्या वाट्याचे उत्तर मी येथे जाहीरपणे दिले आहे: मला शाल हवी होती, म्हणून मी गप्प बसलो. आता आपण द्या. खासगी फोन नको, चहाचे आमंत्रण नको, गटावरचा नमस्काराचा हात नको. त्या सकाळी दिवे का लावले, आणि उरलेली सहा मिनिटे आपण केव्हा मागवणार, एवढेच लिहा, मंचाच्या कागदावर, सहीनिशी, आणि ते फलकावर लावा. मराठीत लिहा. दोन ओळी पुरेत. तन्वीला मराठी वाचायला वेळ लागतो.